न मागितलेला म्हातारा

१९९७ च्या जूनमध्ये ‘बॅटमॅन अँड रॉबिन’ अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत लागला आणि समीक्षकांनी त्याच्या पार चिंधड्या उडवल्या. वॉर्नर ब्रदर्सने पुढच्या चित्रपटाची तयारी गुंडाळून ठेवली. त्यानंतर २००५ च्या ‘बॅटमॅन बिगिन्स’पर्यंत, म्हणजे आठ वर्षे, हाडामांसाचा नट घेऊन एकही बॅटमॅनपट आला नाही. एवढा काळ या पात्राची पडद्यावरची अब्रू सांभाळली ती कार्टूनवाल्यांनी. चित्रपटांच्या इतिहासात त्यांना दोन ओळींपेक्षा जास्त जागा मिळत नाही, आणि मला तो अन्याय वाटतो. या आठ वर्षांतले सर्वात धाडसी पाऊल त्यांनीच टाकले. त्यांनी बॅटमॅनला म्हातारा केले.

ही माणसे मुरलेली होती. ५ सप्टेंबर १९९२ ला फॉक्स वाहिनीवर सुरू झालेली ‘बॅटमॅन : द ॲनिमेटेड सीरीज’ ब्रूस टिम आणि एरिक रॅडोम्स्की या दोघांनी उभी केली होती. कार्टूनमधली दृश्ये पांढऱ्या कागदावर रंगवायची, ही तेव्हाची सर्वांची रीत. रॅडोम्स्कीने ती उलटवली आणि गॉथम शहर काळ्या कागदावर रंगवून घेतले. अंधार आधी, त्यात लागेल तेवढाच उजेड नंतर. मुलांच्या वेळेत लागणाऱ्या कार्यक्रमाला चित्रपटाचा भारदस्तपणा आला तो बराचसा या एका निर्णयामुळे. ॲलन बर्नेट आणि पॉल डिनी लेखनाची बाजू सांभाळत. डिनीने ‘हार्ट ऑफ आइस’ या भागात मिस्टर फ्रीझ या किरकोळ खलनायकाला मरणाच्या दारात असलेली बायको दिली, तिच्यासाठी झुरणारे मन दिले, आणि त्या लेखनाला एमी पारितोषिक मिळाले. केविन कॉनरॉय हा रंगभूमीवरचा नट बॅटमॅनचा आवाज झाला. ब्रूस वेनचा आवाज वेगळा आणि मुखवट्यातला वेगळा, ही युक्ती त्याने पहिल्या चाचणीतच करून दाखवली होती. जोकरचा आवाज होता मार्क हॅमिलचा.

१९९५ मध्ये वॉर्नरने स्वतःचे नेटवर्क काढले, त्यात मुलांसाठी ‘किड्स डब्ल्यूबी’ हा विभाग आला, आणि हे सगळे बिऱ्हाड तिकडे हलले. सुपरमॅनची मालिका झाली, बॅटमॅनचे नवे भाग झाले. मग नेटवर्कचे प्रमुख जेमी केल्नर यांनी टिम, बर्नेट आणि डिनी यांना बैठकीला बोलावले. त्यांना बॅटमॅन हवाच होता, पण तरुण. नेटवर्कवर ‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’ गाजत होती. दिवसा शाळेत जाणारी आणि रात्री पिशाचांशी लढणारी मुलगी प्रेक्षकांनी उचलून धरली होती. मग बॅटमॅनही शाळकरी का नको, असा सरळ व्यापारी हिशेब होता.

या मागणीला सोपे उत्तर उपलब्ध होते. ब्रूस वेनचेच शाळेतले दिवस दाखवायचे, की काम झाले. या तिघांना ते पटेना. आईवडिलांचा खून पाहिलेला मुलगा पुढे बॅटमॅन होतो, मधली वर्षे तो स्वतःला घडवण्यात घालवतो. त्या वर्षांत त्याला मुखवटा चढवला तर पात्राचा कणाच मोडतो. म्हणून ते मागे न जाता पुढे गेले. चाळीसेक वर्षांनंतरचे गॉथम, नवा पोरगा, नवा सूट. आणि त्या पोरामागे खुद्द ब्रूस वेन, ऐंशीच्या घरातला, काठी टेकत चालणारा. ही कल्पना केल्नर यांना तिथल्या तिथे पसंत पडली. सूचना अजून नीट शिजलेलीही नव्हती आणि मालिका करायचे ठरून गेले.

नेटवर्कने तरुण मागितला होता. म्हातारा कोणी मागितला नव्हता. तो या मंडळींनी स्वतःच्या जबाबदारीवर आणला आणि मालिकेत मुरला तो तोच. फ्रँक मिलरने १९८६ मध्ये ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ या चित्रकथेत उतारवयाचा बॅटमॅन रंगवला होता, हे खरे. पण मिलरचा म्हातारा स्वतःच पुन्हा सूट चढवून रस्त्यावर उतरतो. टिमच्या म्हाताऱ्याला ती सोय नाही. त्याचे शरीर संपले आहे, फक्त अक्कल आणि हट्ट शिल्लक आहेत. असा माणूस दुसऱ्याच्या हातापायांनी कसा लढेल, हा प्रश्न मिलरने विचारला नव्हता.

‘बॅटमॅन बियॉन्ड’ या नव्या मालिकेचा ‘रीबर्थ’ हा दोन भागांचा आरंभ १० जानेवारी १९९९ ला, रविवारी दाखवला गेला. त्याची पहिली काही मिनिटे मी कितीदा पाहिली तरी शिळी होत नाहीत. अपहरण झालेल्या मुलीला सोडवायला बॅटमॅन येतो. छातीवर लाल वटवाघूळ असलेला काळा सूट, केप नाही. पण केस पांढरे झालेत, आणि हा सूटच आता त्याचे स्नायू सांभाळतो आहे. मारामारी ऐन रंगात असताना छातीत कळ येते. एक गुंड त्याला बडवू लागतो. खाली पडलेल्या बॅटमॅनच्या हाताला जमिनीवरचे पिस्तूल लागते आणि तो ते उचलून गुंडावर रोखतो. गोळी झाडत नाही. गुंड घाबरून पळतो. पण ज्याचे आईबाप पिस्तुलाने गेले, ज्याने जन्मभर पिस्तूल हातात धरले नाही, त्याला आपल्या मुठीत ते दिसते आणि तो हादरतो. गुहेत परतून तो सूट कायमचा टांगतो, दिवे एकेक करून मालवतो, आणि हे पुन्हा होणे नाही एवढेच म्हणतो. मुलांच्या कार्यक्रमातला नायक हरतो तो शत्रूपुढे. हा नायक हरला तो आपल्याच देहापुढे आणि आपल्याच हाताच्या हालचालीपुढे.

कथा वीस वर्षे पुढे सरकते. वेन कंपनी आता डेरेक पॉवर्स नावाच्या माणसाच्या ताब्यात आहे. टेरी मॅकगिनिस हा तापट पोरगा, सुधारगृहात राहून आलेला, बापाशी भांडून रात्री घराबाहेर पडतो. जोकरचे भक्त म्हणवणारी टोळी मोटरसायकलवरून त्याचा पाठलाग करते आणि तो नेमका वेनच्या वाड्याच्या फाटकाशी येऊन थांबतो. आतून एक म्हातारा काठी घेऊन बाहेर येतो आणि टोळीला पिटाळतो. मग त्याचा श्वास लागतो, टेरी त्याला धरून आत नेतो, औषध देतो. घड्याळात अडकलेले वटवाघूळ सोडवायला जातो तेव्हा त्याला गुहेची वाट सापडते. वेन त्याला हाकलून देतो. घरी जाऊन पाहतो तर बापाचा खून झालेला. पॉवर्सच्या कारखान्यात विषारी वायू तयार होत असल्याचा पुरावा बापाच्या हाती लागला होता. वेन मदत करायला नकार देतो, तेव्हा टेरी गुहेतला सूट पळवतो.

इथे एक बारीकशी जागा आहे. टेरी सूट घालून पॉवर्सच्या माणसांशी भिडलेला असताना वेनला चोरी कळते आणि तो वाड्यातूनच कळ दाबून सूट ताठ करून टाकतो. पोरगा आतल्या आत लाकडासारखा अडकतो आणि मार खात राहतो. कानात म्हाताऱ्याचा आवाज, की तुला हा हक्क नाही. टेरी त्या आवाजाची विनवणी करतो, बापाबद्दल बोलतो. शेवटी वेन सूट मोकळा करतो. आपल्याकडच्या घराण्यांत उस्ताद शागिर्दाला गंडा बांधतात. इथे गंडा कोणी बांधला नाही, शागिर्दाने तो चोरला, आणि उस्तादाने तो काढून घेता घेता हात आवरला. या नात्याची सगळी तऱ्हा त्या एका प्रसंगात आहे. अखेरीस वेन मॅकगिनिसांच्या घरी जातो आणि टेरीच्या आईला सांगतो की मला घरकामाला, येण्याजाण्याला एक पोरगा हवाय. एवढ्या बेताच्या शब्दांत गादी दिली जाते.

मालिकेच्या ५२ भागांत वेन हा बहुतेक वेळ संगणकासमोर बसलेला एक आवाज आहे. सूटमधून टेरीला जे दिसते ते त्याला दिसते, आणि तो कानात सूचना देत राहतो. केविन कॉनरॉय तेव्हा ४३ वर्षांचा होता. ऐंशीच्या माणसाचा आवाज काढताना त्याने थरथर आणली नाही, कुजबुज आणली नाही. जुनाच आवाज त्याने कोरडा केला, वाक्ये तोडली, आणि मायेचा शब्द तोंडातून जवळजवळ येऊच दिला नाही. टेरी म्हणजे विल फ्रीडल, बावीस वर्षांचा, ‘बॉय मीट्स वर्ल्ड’मधला विनोदी भाऊ म्हणून ओळखला जाणारा. आवाजांचे दिग्दर्शन करणाऱ्या आंद्रेया रोमानो यांची पद्धत अशी होती की शक्यतो सगळे नट एका खोलीत बसवून ध्वनिमुद्रण करायचे. त्यामुळे वेन आणि टेरी बोलतात तेव्हा एकाचे वाक्य दुसऱ्याच्या वाक्यावर आपटते. वेगवेगळ्या दिवशी येऊन बोललेल्या नटांत हे सापडत नाही.

‘श्रीक’ हा पहिल्या हंगामातला भाग या म्हाताऱ्याबद्दल सर्वात जास्त सांगतो. पॉवर्सचा ध्वनितंत्रज्ञ वेनला खचवण्यासाठी त्याच्या कानात आवाज घालतो. एकट्या, आजारी माणसाला वाटावे की आपलेच मन आपल्याला जीव द्यायला सांगते आहे. सगळ्यांना वाटते, म्हातारा भ्रमला. शेवटी टेरी विचारतो की तो आवाज तुमचा नाही हे तुम्हाला कळले कसे? वेनचे उत्तर असे की तो आवाज मला ब्रूस म्हणून हाक मारत होता. मनातल्या मनात तो स्वतःला त्या नावाने ओळखतच नाही. मग कोणत्या नावाने ओळखतो, ते सांगायची गरज राहत नाही. टेरी म्हणतो, पण ते नाव आता माझे आहे. म्हाताऱ्याने नाव दिले, पण सोडले नाही. एवढ्या दोनचार वाक्यांत लेखकांनी जे साधले त्यासाठी एखाद्या कादंबरीला प्रकरण लागले असते.

बाह्यरूपातही जुने मोडून नवे करण्याची हिंमत होती. टिम आणि ग्लेन मुराकामी यांनी केप काढून टाकली, बॅटमॅन सडपातळ केला, काखेत पंख आणि बुटांत रॉकेट दिले. गॉथम आभाळात चढले. उडत्या गाड्या, पायथा न दिसणारे मनोरे, निऑनचे दिवे. ते पाहताना १९८८ चा जपानी चित्रपट ‘अकिरा’ आठवल्यावाचून राहत नाही. आधीच्या मालिकेतल्या शर्ली वॉकर यांच्या भरगच्च वाद्यवृंदाची जागा क्रिस्टोफर कार्टर आणि मंडळींच्या गिटारी आणि इलेक्ट्रॉनिक ठेक्याने घेतली. आरंभीची नामावली डार्विन कुक या कॅनेडियन चित्रकाराने केली. पुढे ‘द न्यू फ्रंटियर’ या चित्रकथेने त्याचे नाव झाले. काळा, लाल, पांढरा, मध्येच झळकणारे चेहरे आणि शब्द. सुपरहिरो मालिकेला अशी सुरुवात त्याआधी कोणी दिली नव्हती असे मला वाटते.

मालिका जाहीर झाली तेव्हा जुने चाहते नाराज होते. ब्रूस वेनशिवाय दुसरा बॅटमॅन त्यांना नको होता. ती नाराजी पहिल्या हंगामातच ओसरली. २००१ मध्ये मालिकेला डेटाइम एमी मिळाले. पण नेटवर्कचे लक्ष तोवर दुसरीकडे वळले होते. ‘बियॉन्ड’ सुरू झाल्यानंतर जेमतेम महिन्याने, फेब्रुवारी १९९९ मध्ये, त्याच किड्स डब्ल्यूबीवर ‘पोकेमॉन’ आले आणि त्याने सगळ्यांना मागे टाकले.

आणि मग एप्रिल आला. २० एप्रिल १९९९ ला कोलोरॅडोतल्या कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार करून बारा विद्यार्थी आणि एका शिक्षकाचा जीव घेतला. मुलांनी पाहायच्या गोष्टींत हिंसा किती असावी, हा प्रश्न अमेरिकेत प्रत्येक घरात शिरला. २००० मध्ये तो निवडणुकीत आला. उपाध्यक्षपदाचे उमेदवार जो लीबरमन यांनी मनोरंजन उद्योगाला धारेवर धरले होते आणि सप्टेंबरमध्ये केंद्रीय व्यापार आयोगाचा अहवाल आला, की हिंसक करमणुकीची जाहिरात मुद्दाम लहान मुलांपर्यंत पोचवली जाते. नेमका त्याच वेळी टिम आणि मंडळींचा ‘बॅटमॅन बियॉन्ड : रिटर्न ऑफ द जोकर’ हा व्हिडिओपट तयार होऊन बसला होता. तो ३१ ऑक्टोबरला यायचा होता. कंपनी धास्तावली, चित्रपट थांबवला, कापला, काही दृश्ये नव्याने करून घेतली, आणि १२ डिसेंबर २००० ला सौम्य आवृत्ती बाजारात आणली. मूळ आवृत्ती प्रेक्षकांना मिळाली ती एप्रिल २००२ मध्ये.

कापले काय, ते पाहण्यासारखे आहे. चित्रपटाच्या पोटात चाळीस वर्षांपूर्वीची एक गोष्ट आहे. जोकरने टिम ड्रेक या दुसऱ्या रॉबिनला, एका लहान मुलाला, पळवून नेले, आठवडेच्या आठवडे छळले, आणि त्याचा छोटा जोकर करून टाकला. बॅटमॅन पोचतो तेव्हा जोकर त्या मुलाच्या हाती बंदूक देतो आणि बॅटमॅनला मारायला सांगतो. मूळ आवृत्तीत मुलगा हसत हसत बंदूक वळवतो आणि जोकरलाच मारतो, मग हसणे रडण्यात मोडते. सुधारित आवृत्तीत जोकर विजेच्या तारांत अडकून मरतो. मुलाच्या हातून बंदूक सुटली एवढ्यावर कंपनीचे समाधान झाले. त्या काळची भीती मला समजते. शाळांमध्ये मुलांनी मुले मारली होती. पण जे गाळले ते रक्त नव्हते, कथेचा आशय होता. वेनने लहान मुलांना आपल्या लढाईत उतरवले होते. त्याची किंमत एका मुलाने मोजली होती. टेरीला इतका कठोरपणे हाकलणारा म्हातारा का तसा आहे, ते या प्रसंगाशिवाय कळत नाही. बार्बरा गॉर्डन, एकेकाळची बॅटगर्ल आणि आता पोलीस कमिशनर, ही सगळी हकीकत टेरीला सांगते. वेन सांगत नाही. तो सांगू शकत नाही.

याच चित्रपटात शिष्य गुरूच्या पलीकडे जातो. मेल्यानंतर चाळीस वर्षांनी परतलेल्या जोकरशी लढताना वेन टेरीला कानात बजावतो की त्याच्या बडबडीकडे लक्ष देऊ नकोस. वेनची रीत तीच. जन्मभर जोकर बोलत राहिला आणि बॅटमॅन गप्प राहिला. टेरी उलटे करतो. तो बोलायला लागतो, जोकरला हिणवतो, त्याचे विनोद पडेल आहेत म्हणतो, आणि त्याच्या तोंडावर हसतो. जोकरचा तोल जातो. शिस्तीने जे साधले नव्हते ते गल्लीतल्या पोराच्या उद्धटपणाने साधले. मार्क हॅमिलने जोकरचा हा चिडका, कावराबावरा आवाज असा काढला आहे की त्याची आधीची आठ वर्षे त्यासाठीच होती असे वाटते. चित्रपटाचे चित्रण टोकियोच्या टीएमएस स्टुडिओने केले होते आणि ते दर सेकंदाला जाणवते.

मालिका डिसेंबर २००१ मध्ये संपली. कथा आटली म्हणून नव्हे. तोवर टिमची मंडळी ‘जस्टिस लीग’कडे गेली होती, ती कार्टून नेटवर्कवर त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाली. मालिकेतून निघालेली ‘झीटा प्रोजेक्ट’ ही उपमालिका थोडा काळ चालली. हाडामांसाचे नट घेऊन ‘बियॉन्ड’चा चित्रपट करायची बोलणीही २००० च्या सुमारास झाली आणि विरली.

शेवटचा शब्द मात्र राहिला होता. तो २३ जुलै २००५ ला, ‘जस्टिस लीग अनलिमिटेड’च्या ‘एपिलॉग’ या भागात आला. लेखक ड्वेन मॅकडफी. पंधरा वर्षांनी मोठा झालेला टेरी एकेकाळची सरकारी अधिकारी, आता वयोवृद्ध अमांडा वॉलर हिच्याकडे जातो आणि त्याला कळते की आपण ज्याला बाप मानले त्या वॉरन मॅकगिनिसचे नव्हे, रक्ताने ब्रूस वेनचेच मूल आहोत. जगाला बॅटमॅन लागतोच, म्हणून वॉलरने सरकारी प्रयोगातून हे घडवून आणले, ना वेनला माहीत, ना टेरीच्या आईला. आईचे केस लाल आणि टेरी व त्याचा भाऊ या दोन्ही पोरांचे काळेभोर, या मालिकेच्या पहिल्या दिवसापासूनच्या कोड्याचा उलगडा इथे होतो.

हा निर्णय मला कधीच पूर्ण पचला नाही. सूट चोरणारा आणि मार खाऊन तो कमावणारा पोरगा अचानक रक्ताचा वारस निघतो. त्याने जे मिळवले ते त्याला जन्मानेच मिळणार होते असे वाटू लागते. पण मॅकडफीने पळवाट ठेवली आहे, आणि ती प्रामाणिक आहे. प्रयोग पुरा करायचा तर टेरीच्या आईवडिलांना त्याच्या डोळ्यांदेखत मारायला हवे होते, वेनच्या आईबापांसारखे. ज्या बाईवर ते काम सोपवले होते, तिने ऐन वेळी माघार घेतली. वेनने असले कधीच केले नसते, हे तिने वॉलरला सुनावले आणि वॉलरला ते मानावे लागले. टेरीचा बाप पुढे गेला तो पॉवर्सच्या हातून, वॉलरच्या योजनेतून नव्हे. म्हणजे रक्त वेनचे असले तरी वेनच्या वाड्याच्या फाटकाशी टेरीला कोणी ओढून आणले नव्हते. त्या रात्री तो स्वतःच्या रागाने घराबाहेर पडला होता.

२०१४ मध्ये बॅटमॅनला ७५ वर्षे झाली तेव्हा डार्विन कुकने ‘बियॉन्ड’वर एक छोटा ॲनिमेशनपट केला. कॉनरॉय आणि फ्रीडल पुन्हा आले. त्यात यंत्रमानव बॅटमॅन गुहेवर चालून येतात, आणि म्हातारा वेन संगणकासमोरून उठून टेरीच्या बरोबरीने त्यांच्याशी भिडतो.